सरी म्हणजे हो नव्हे

अवरेकाई आली. हे कुणी सांगावं लागत नाही, आधी नाकाला कळतं. आज सकाळी आमच्या जे. पी. नगरच्या कोपऱ्यावर फूटपाथ दिसेनासा झाला होता. नुसते हिरव्या शेंगांचे ढीग, आणि ढिगांमागे स्वेटर घालून, कानाला स्कार्फ गुंडाळून बसलेल्या बायका. आपल्याकडच्या पावट्याचीच ही थोरली बहीण, पण बेंगळूरच्या थंडीत हिचा जो तोरा असतो तो बिचाऱ्या पावट्याच्या नशिबी कुठला! शेंगेला एक तेलकट, उग्र, दव प्यालेला वास असतो. इथे त्याला सोगडु म्हणतात. सोगडु नसलेली शेंग जो पिशवीत घालतो तो बेंगळूरचा नाही, असं माझं स्वच्छ मत आहे. मी एक शेंग उचलली, नाकाशी नेली आणि भर रस्त्यात एकटीच हसायला लागले. भाजीवाली म्हणाली, "काय अक्का, शेंगेनं काही विनोद सांगितला का?"

विनोद नव्हे, मला मंजुनाथ आठवला होता. हातात गोल्ड मेडल असलेला, सहा फूट उंच, हासनकडचा डॉक्टर मंजुनाथ, माझ्या स्वयंपाकघरात मांडी घालून भिजवलेली अवरे सोलतो आहे, आणि दर दोन दाण्यांमागे एक दाणा सटकून फ्रिजखाली जातो आहे. काही वर्षं झाली त्याला. करोना येऊन गेला होता, लोक मास्क विसरले होते आणि लसीचं नाव काढलं की घराघरात भांडणं होत होती, त्या दिवसांतली ही थंडी. तेव्हापासून अवरेचा मोसम आला की माझ्या मनात त्या शनिवारांचा मोसम सुरू होतो.

त्या थंडीत मी दर शनिवारी कुणाची तरी आई व्हायची. हे नीट सांगायला हवं.

मी निपाणीची. लग्न होऊन इथे आले ती 'हे' सरकारी कारखान्यात इंजिनियर होते म्हणून. मी एका कचेरीत टायपिस्ट होते, पण माझं खरं काम गणपतीत सुरू व्हायचं. मराठी मंडळाच्या नाटकात सासू म्हणजे मी, विधवा आत्या म्हणजे मी, खाष्ट घरमालकीण म्हणजे तर मीच. बेंगळूरात मराठी नाटकाला प्रेक्षक किती, ते विचारू नका. पण जे यायचे ते नाटक संपल्यावर माझ्याशी जरा जपून बोलायचे, आणि मला तेवढं पुरे होतं.

आमच्या मागच्या गल्लीत डॉक्टर वसुधा राहतात. कानडी, बारीक अंगाच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मेडिकल कॉलेजात आयुष्यभर शिकवून रिटायर झालेल्या, पण तरुण डॉक्टरांना काहीतरी शिकवल्याशिवाय त्यांना घास जात नाही. एक दिवस त्या घरी आल्या, कॉफी घेतली आणि सरळ म्हणाल्या, "अक्का, मला एक आई हवी आहे. लस नको म्हणणारी."

"अहो, मी लस नको म्हणत नाही! मी तर रांगेत पहिली होते."

"म्हणूनच. खऱ्या आईवर या मुलांचा सराव करणं बरोबर नाही. तुम्ही खोटी आई व्हा. त्यांना बोलायला शिकू दे. सुई टोचायला सगळ्यांना येतं, बोलायला कुणी शिकवलंच नाही."

मी लगेच हो म्हणाले. नटीला भूमिका कोण देतंय या वयात!

शिकवणीची जागा म्हणजे एका जुन्या इमारतीतला लांबट हॉल. मधे टेबल, दोन खुर्च्या. एकीवर डॉक्टर, एकीवर मी. बाकीचे तरुण डॉक्टर अर्धगोल करून बसायचे, सगळे आरोग्य केंद्रांत नव्याने लागलेले. वसुधा खिडकीपाशी उभ्या. मी माझ्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली बाहुली घेऊन जायची. पहिल्या दिवशी सगळे खी खी करून हसले. मी बाहुलीच्या डोक्याखाली हात धरला, पदराने तिचं तोंड पुसलं आणि एकाकडे असं पाहिलं की त्याचं हसू गिळलं गेलं. "हळू बोला," मी म्हटलं, "आत्ता झोपलीय."

पहिला आला मंजुनाथ. वसुधांनी मला सांगितलं होतं: तुम्ही पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराची बायको, बाळ नऊ महिन्यांचं, गोवराची लस द्यायची नाहीये. बस्स. बाकी माझं मी. मंजुनाथ बसला आणि सुरूच झाला. काय ते पाठांतर! गोवर कसा पसरतो, फुप्फुसात काय होतं, मेंदूला काय होतं, डोळ्यांना काय होतं, लस कशी बनते, ती थंड कशी ठेवतात. श्वास घ्यायला थांबेना. मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी तो थांबला तेव्हा मी मान हलवली आणि म्हटलं, "सरी, डॉक्टरे."

झालं! पठ्ठ्याने मागे वळून मित्रांना अंगठा दाखवला. टाळ्या पडल्या. मी बाहुली खांद्यावर टाकली आणि दाराकडे निघाले.

वसुधांनी मला हाक मारली. "अक्का, या बाळाला उद्या लसीला आणणार ना?"

"छे हो! मी कशाला आणते?"

मंजुनाथचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "पण अम्मा, तुम्ही सरी म्हणालात!"

"अरे बाबा, म्हटलं ना. सरी म्हणजे तू बोललास ते कानावर पडलं. सरी म्हणजे तू शिकलेला आहेस, कोट घातलाय, तुझा मान ठेवला. सरी म्हणजे आता मला जाऊ दे, चुलीवर भात ठेवून आलेय. सरी म्हणजे हो, असं तुला कुणी सांगितलं?"

मग मात्र सगळे हसले, आणि त्या हसण्यात ओशाळलेपण होतं, कारण प्रत्येकाला आपापल्या केंद्रातल्या कितीतरी 'सरी' आठवत असणार. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे रोज सगळ्या बायका सरी म्हणतात आणि येतच नाहीत. मला वाटायचं, विसरतात."

मी घरी येताना त्या शब्दाचाच विचार करत होते. कानडीत सरी, आपल्यात बरं. आपलं 'बरं' काय कमी आहे का? 'बरं' म्हणजे ठीक. 'बरं बरं' म्हणजे आता पुरे. लांबवलेलं 'बऽऽरं' म्हणजे मला सगळं कळलंय, तू बोल. सुनेचं खाली मान घालून म्हटलेलं 'बरं' म्हणजे मी माझंच करणार. आणि 'बघू'? आमच्या निपाणीत स्थळाला नकार द्यायचा तर कुणी नाही म्हणत नसे. पोहे खायचे, चहा प्यायचा, मुलीच्या हाताचं कौतुक करायचं आणि उठताना म्हणायचं, "बघू." मुलीकडची माणसं काय ते समजायची आणि दुसऱ्या दिवशी दुसरं स्थळ शोधायला लागायची. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं आपल्याकडे वाईट दिसतं. त्यात डॉक्टर म्हणजे देवाखालोखाल. त्याला नाही म्हणायची टाप कुणाची? म्हणून माणसं मान हलवतात, सरी म्हणतात आणि घरी जातात. डॉक्टर खूश, आई सुटली, आणि बाळ तसंच राहतं.

पुढच्या शनिवारी मंजुनाथ लवकर आला होता. मला गाठून म्हणाला, "अम्मा, मी घाई करतो ते मला माहीत आहे. पण मी ते बाळ पाहिलंय." कुठल्याशा वॉर्डात, शिकत असताना, गोवरानंतर छाती भरलेलं एक बाळ त्याने रात्रपाळीत सांभाळलं होतं. ते वाचलं नाही. "तो श्वास माझ्या कानात आहे. समोर आई बसली की मला वाटतं, सगळं आत्ताच सांगून टाकावं, नाहीतर उशीर होईल."

त्या क्षणी हा पोरगा मला आवडला. त्याचं जे काही चुकत होतं ते कळवळ्यापोटी चुकत होतं. मी त्याला म्हटलं, "मग तर तुला शिकायलाच पाहिजे रे राजा."

वसुधांची रीत साधी होती. आधी विचारा. मग 'मी सांगू का?' म्हणा. आईने हो म्हटलं तरच सांगा, आणि तेही एकच गोष्ट सांगा, दहा नकोत. ऐकायला सोपं, करायला महाकठीण! डॉक्टरांना गप्प बसवणं म्हणजे काय दिव्य असतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. विचारायचे आणि उत्तर यायच्या आत स्वतःच उत्तर द्यायचे. वसुधा खिडकीतून खाकरायच्या. मग ओठ दाबून बसायचे, कपाळावर घाम.

मीही काय एकेक आया केल्या! फोनवरचं सगळं वाचून आलेली, टोचून इंग्रजी बोलणारी आयटीतली आई केली. "आम्हाला कुठे दिल्या होत्या लशी? वाढलोच ना आम्ही?" म्हणणारी आजी केली. "गोवर म्हणजे अम्मा येते, देवी घरी येते, तिला सुई दाखवायची का?" असं विचारणारी केली. एकदा तर नवऱ्याला विचारल्याशिवाय काहीच न बोलणारी केली, नुसती पदराचं टोक पिळत बसलेली. तिने भल्याभल्यांचा घाम काढला. करता करता मला एक समजत गेलं. या सगळ्या बाया मूर्ख नव्हत्या. प्रत्येकीचं काहीतरी कुठेतरी दुखलेलं होतं, आणि ते न विचारता सगळे तिला शहाणपण शिकवत होते. हे मला भूमिकेत शिरल्यावरच कळलं, बाहेरून कधी कळलं नसतं.

आणि मग एका शनिवारी मी नेहमीसारखं "सरी, डॉक्टरे" म्हटलं, तेव्हा मंजुनाथने पेन खाली ठेवलं. जरा पुढे झुकून विचारलं, "सरी अंदरे एनु, अक्का?" सरी म्हणजे काय, अक्का?

मी गडबडले. खरंच सांगते, नाटकात एवढी वर्षं काढली, कुणी समोरून असा न ठरलेला प्रश्न टाकला तरी मी डगमगत नाही. पण त्या दिवशी माझं तोंड उघडलं आणि त्या पीण्यातल्या बाईच्या पोटातलं सगळं भडाभडा बाहेर आलं: जावेच्या मुलाला सुईनंतर गाठ आली, सासू बोलली, नवऱ्याचा खाडा झाला, पगार कापला, आता परत ताप आला तर मला घरात कोण उभं करील? तो ऐकत राहिला. मधे एकदाही बोलला नाही. संपलं तेव्हा हॉलमधे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वसुधांनी चष्मा काढून पुसला. ते वाक्य मग सगळ्यांनी उचललं. आजही त्या आरोग्य केंद्रांतून आईने सरी म्हटलं की डॉक्टर थांबतात आणि विचारतात. हे ज्यांनी सुरू केलं त्यांच्यात मी एक होते, असं मी कुणीही न विचारता सांगते. मिरवते म्हणा हवं तर. मिरवण्यासारखंच आहे ते!

पण खरी परीक्षा घरी बसली होती, आणि तिची मला कल्पना नव्हती.

माझी लेक मृणाल तेव्हा माझ्याकडेच राहत होती. तिचं घर देवनहळ्ळीकडे, विमानतळाजवळच्या नव्या लेआऊटमधे. बाळंतपणाला आली ती नोकरीवर परत रुजू होईपर्यंत इथेच थांबली होती. नात ओवी, नऊ महिन्यांची झालेली, माझ्या स्वयंपाकघरभर रांगायची आणि अवरेच्या सालपटांत लोळायची. मी एकदा सहज म्हटलं, "अगं, ओवीची गोवराची लस आली ना? कधी जायचं?"

मृणाल लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "बघू."

ते 'बघू' मला पाठ होतं. त्याच्यावर तर मी निपाणीत वाढले होते.

दुसऱ्या दिवशी परत विषय काढला. मग तिसऱ्या दिवशी. तिकडे पीण्याच्या बाजूला काही मुलांना गोवर निघाल्याचं वसुधा सांगत होत्या, आणि इकडे माझी नात उघड्यावर. मी काय केलं असेल? दर शनिवारी दुसऱ्यांना जे करू नका म्हणून शिकवत होते, नेमकं तेच. बोलत सुटले. गोवर असा पसरतो, फुप्फुसाला असं होतं, तुला सगळ्या लशी दिल्या होत्या, शिकलीसवरलेली मुलगी तू! मृणाल शांतपणे ऐकून म्हणाली, "बरं आई." आणि ओवीला घेऊन खोलीत गेली. मी तिथेच पिठाचे हात घेऊन उभी. आईचं तोंड लेकीपुढे चालत नाही हेच खरं. नाटकात मी शंभर आया केल्या, पण स्वतःच्या घरात मला आई होता येईना, नुसती फिर्यादी होत होते.

ती का नको म्हणतेय, तेही मला ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं मी.

शिकवणी संपायला आली तेव्हा वसुधांनी ठरवलं की एका शनिवारी सगळ्यांनी माझ्याकडे जेवायला यायचं, हितकिद बेळेचं सारू खायला. हितकिद म्हणजे पिळलेली, बेळे म्हणजे डाळ, आणि सारू म्हणजे आपलं सार. अवरेचे दाणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर काढायचा. पुक्कन उडतो. एकट्या माणसाचं हे काम नव्हे, म्हणून इथल्या बायका घोळका करून बसतात. हातांना काम, तोंडं मोकळी. घरातल्या सगळ्या बातम्या या दाण्यांवरच फुटतात. बरेच जण आले नाहीत, कुणाची ड्युटी, कुणाचं गाव. मंजुनाथ मात्र आला, आणि मघाशी म्हटलं तसा परातीसमोर बसून दाणे फ्रिजखाली पाठवू लागला. वसुधा ओट्याशी नारळ खवत होत्या.

तेवढ्यात मृणाल ओवीला कडेवर घेऊन आली आणि परातीपाशी बसली. इथेच वाढलेली पोरगी, तिची कानडी माझ्यापेक्षा फर्मास. दोघं कानडीतच बोलू लागली. मंजुनाथने ओवीला जीभ काढून दाखवली. तिने त्याचा चष्मा ओढला. आणि मग मृणालच म्हणाली, जरा खोचकपणे, "आईनं सांगितलंच असेल तुम्हाला. मी ती बाई आहे. लस न देणारी. करा सुरू लेक्चर."

देवाशप्पथ, मी त्याला एक अक्षर सांगितलं नव्हतं. आता हा सुरू झाला, एका दमात सगळं बोलला, की दार कायमचं बंद, हे मला दिसत होतं. मी त्याच्याकडे डोळे मोठे करून पाहत राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"नाही, मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला. "काय झालं होतं?"

मृणालने एक दाणा दाबला. मग दुसरा. आणि सांगायला लागली. ओवी साडेतीन महिन्यांची असताना टोचून आणलं, त्या दुपारी ती रडायला लागली ती थांबेचना. दूध नाही, मांडी नाही, काही नाही. किंचाळत होती, आवाज बसला तरी किंचाळत होती. जावई परगावी. मी आणि 'हे' निपाणीला लग्नाला गेलेलो. तिने दवाखान्यात फोन केला, तिकडून कुणीतरी म्हणालं, नॉर्मल आहे मॅडम, औषध द्या. परत केला, परत तेच. तिसऱ्यांदा कुणी उचललाच नाही. संध्याकाळी ओवी थकून निपचित झोपली आणि मृणाल तिच्या नाकापाशी बोट धरून बसून राहिली. "नॉर्मल!" ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर काय होत होतं ते मला माहीत. ते फोनवर नॉर्मल म्हणून मोकळे झाले."

हे सगळं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या पोटची पोर, माझ्या घरात राहत होती, आणि मला ठाऊक नव्हतं. वसुधांचा खवणीवरचा हात थांबला होता.

मंजुनाथने हातातलं सालपट परातीच्या कडेला ठेवलं. मग म्हणाला, "काही बाळांना त्या लसीनंतर असं रडू येतं. ते थांबतं, आणि बाळाला पुढे त्याचा त्रास राहत नाही. पण हे तुम्हाला टोचायच्या आधी सांगायला हवं होतं. आणि फोन उचलायला हवा होता. ते चुकलं. फार चुकलं." मग त्याने विचारलं, "गोवराच्या लसीबद्दल मी सांगू का?"

मृणालने खांदे उडवले. मग म्हणाली, "सांगा."

त्याने थोडंच सांगितलं. ही लस वेगळी आहे. हिच्यानं ताप आलाच तर त्या दिवशी येत नाही, साधारण आठवडाभरानं येतो, अंगावर बारीक पुरळही उठू शकतं, दोन-तीन दिवसांत जातं. तेव्हा काय द्यायचं, आणि काय दिसलं तर धावत यायचं. बस्स. मृणालने खोदून खोदून विचारलं. आयटीतली डोकी, एकेक कोपरा तपासल्याशिवाय सोडत नाहीत. जे त्याला माहीत नव्हतं ते त्याने माहीत नाही म्हणून सांगितलं, वसुधांना विचारलं. शेवटी तीच म्हणाली, "आणि नाही दिली तर?" तेव्हा, तिने विचारल्यावरच, त्याने त्या वॉर्डातल्या बाळाबद्दल सांगितलं. दोनच वाक्यं.

ओवी परातीत हात घालून दाणे कालवत होती. मृणालने तिचा हात बाजूला केला आणि सुस्कारा टाकून चक्क मराठीत म्हणाली, "बरं."

मी ओळखलं. ते तेच होतं, खोलीत निघून जाण्याआधीचं 'बरं'. दुसरा कुणी असता तर हात पुसून जेवायला उठला असता. मंजुनाथला मराठीचा गंध नाही, पण सरीची मराठी बहीण म्हणून आमच्या 'बरं'ची गोष्ट शनिवारच्या शिकवणीत मी त्याला कितीदा तरी ऐकवली होती. त्याने हातातला दाणा खाली ठेवला.

"बरं अंदरे एनु, अक्का?"

मृणालने त्याच्याकडे पाहिलं. मग तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "म्हणजे मला लसीची भीती नाही हो आता. परत तसं झालं, आणि मी फोन केला, आणि कुणी ऐकलंच नाही तर? मला त्याची भीती आहे."

"मी ऐकेन," तो म्हणाला. "माझा नंबर घ्या. पेशंटजवळ असलो तर लगेच उलटा फोन करीन. पण ऐकेन. भीती गेली नसेल तर भीतीसकट या, अक्का. कधीही या."

मृणालने नंबर घेतला. मी ओट्याकडे तोंड करून फोडणी टाकली, आणि तिच्या धुराने डोळ्यांत पाणी आलं असं सगळ्यांना वाटू दिलं. खरं काय ते सांगते: मला त्या क्षणी त्याचा एवढा अभिमान वाटला की त्याच्या आईला फोन करून सांगावंसं वाटलं. माझ्या शाळेतलं पोर म्हणा ना! आणि मृणालचाही वाटला. तिने खरं बोलून दाखवलं. आम्ही निपाणीकर बायका जन्मभर बरं, बघू, करत घालवतो, आणि हिने एका परक्या माणसासमोर 'बरं'चं पोट फाडून आतलं दाखवलं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघी निघालो. आमच्या घराभोवती चकचकीत दवाखान्यांची काय कमतरता! पण मृणालचं एकच, देणार तर तिथे, त्याच्याच केंद्रात. हिरव्या मेट्रोने थेट पीण्याला. बाहेर लोखंडाच्या किसाचा आणि वेल्डिंगचा वास, लेथ मशीनची घरघर, सायकलींवरून डबे घेऊन जाणारे कामगार. केंद्राच्या ओसरीवर रांग. हुबळीकडच्या, रायचूरकडच्या, बिहार-ओडिशाकडच्या बाया, कडेवर पोरं. माझ्या सगळ्या भूमिका रांगेत उभ्या राहिल्या होत्या असं मला वाटलं, फक्त इथे बाहुल्या नव्हत्या. आत मंजुनाथ एका बाईशी बोलत होता. कानडी तिला समजत नव्हती, तो मोडक्यातोडक्या हिंदीत प्रश्न विचारत होता आणि उत्तराची वाट बघत होता. रांग मोठी होती, तरी वाट बघत होता. मी मृणालला कोपराने ढोसलं. "बघितलंस?" ती म्हणाली, "आई, शू."

ओवी सुई टोचल्यावर रडली, मग सिस्टरच्या बांगडीकडे बघून थांबली. अर्धा तास बसवून ठेवलं. मृणालचा हात माझ्या हातात होता. काही झालं नाही. आम्ही परत आलो.

संक्रांत झाली. एळ्ळु-बेल्लाच्या, म्हणजे इथल्या तिळगुळाच्या, पुड्या वाटून झाल्या आणि मृणाल ओवीला घेऊन देवनहळ्ळीला आपल्या घरी गेली. ऑफिस सुरू व्हायचं होतं. माझं घर एकदम सुनं झालं. आठवडा उलटत आला तसा माझा जीव थाऱ्यावर राहीना. फोन वाजला की दचकायची. 'हे' म्हणाले, "तूच सगळ्यांना शिकवतेस ना?" मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा."

आणि एका दुपारी फोन आला. मृणालचा.

"आई, ओवीला ताप आलाय."

"अरे देवा! मी निघते. आत्ता कॅब करते. तू घाबरू नकोस, ती रडतेय का? जावई आहेत का घरी?" मी एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होते.

"आई, आई, ऐक. येऊ नकोस. येणारच होता ना ताप. औषध दिलंय, दूध पिऊन झोपलीय. पाठीवर थोडं पुरळ आहे. फोटो पाठवला, ते म्हणाले ठीक आहे, उद्या परत बघू या."

"ते म्हणजे कोण?"

"मंजुनाथ. मघाशी फोन केला होता मी त्यांना. लगेच उचलला."

मी खुर्चीत बसले. शाळेत पहिल्या दिवशी पडली तेव्हापासून, दहावीचा निकाल लागला तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, दिवस गेल्याचं कळलं तेव्हा, या मुलीचा पहिला फोन मला आलेला आहे. ओवीच्या त्या रडण्याची दुपार सोडली, तर काहीही होवो, आधी आई. त्या दुपारी पहिल्यांदा मी दुसरी होते. आणि मी पायातली ती एक चप्पल काढून ठेवली.

"आई? आहेस ना?"

"आहे गं," मी म्हटलं. "चांगलं केलंस. पहिला त्यालाच करायचा."